आपलं ताट, आपली साखर (भाग 6) : दुधीच्या शेवया आणि येसराविना खिमा

गेल्या आठवड्यात भाकरीचा हिशेब मांडला: 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 70 ग्रॅम कर्बोदकं. मग साहजिकच प्रश्न येतो, भाकरी बाजूला ठेवली तर मटणाचा रस्सा खायचा कशाशी?

मराठवाड्यात जेवण आणि साखर हा विषय नवा नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांची मांडणी पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच, दर वेळी 55 मिनिटांच्या आत जेवण्याचा सल्ला गावोगाव पोचवला. कधी खायचं यावर त्यामुळे पारावरही बोलणं होतं. रश्शात काय काय मिसळलेलं असतं, त्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्यापासून परभणी-बीडपर्यंत आपल्याकडे रस्सा दाट करायला येसर लावतात. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ असं धान्य मसाल्यांबरोबर भाजून दळलेलं ते पीठच. चव खमंग येते, पण मटणात नसलेली कर्बोदकं रश्शात येतात ती इथून. म्हणून भाकरी सोडून वाटीभर येसराचा रस्सा ओरपला, तर सोडलेलं थोडंफार परत आलंच. मला येसर अतिशय आवडतं. तरीही साखर सांभाळायची असेल तर या एका पदार्थात ते नको, असंच मी सांगेन.

दाटपणा मग सुक्या खोबऱ्याने आणि तिळाने आणायचा. चौघांसाठी अर्धा किलो खिमा घ्या. अर्धी वाटी खोबरं आणि दोन चमचे तीळ वेगवेगळे भाजा. दोन कांदे थेट आचेवर काळपट होईपर्यंत भाजून लसूण, आलं, कोथिंबिरीसह सगळं बारीक वाटा. कांद्यात थोडी साखर असते, पण चौघांत वाटली गेली की ती नगण्य.

आता खरी मेख. खिमा कढईत पडला की पाणी सोडतो आणि त्याच पाण्यात शिजत राहतो. चव मिळमिळीत होते ती त्यामुळेच. कढई मोठी घ्या, आच मोठी ठेवा, पाणी पूर्ण आटू द्या, आणि खिमा तळाशी तांबूस होईपर्यंत सारखा ढवळू नका. तो खमंगपणा मसाल्याने आणता येत नाही. मग वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता, काळा मसाला आणि हळद घाला, गरम पाणी ओतून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा. मीठ थोडं कमीच घाला. कारण पुढे येतंच.

शेवयांसाठी कोवळा दुधी, साधारण एक किलो. आधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेकून द्या. शिजवूनही त्यातलं विष जात नाही, आणि कडू दुधीने माणसं गंभीर आजारी पडली आहेत. गोड असेल तर सोलून किसणीवर उभा, एका ओढीत लांब किसा. बियांचा गाभा वेगळा काढा. दुधीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून उकळायचा नाही. अर्धा चमचा मीठ चोळून 15 मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी पिळून टाका. हे मीठ थोडं शेवयांत राहतंच. मग तापल्या तव्यावर तेलाचं बोट फिरवून जेमतेम दोन मिनिटं परता. 100 ग्रॅम दुधीत कर्बोदकं तीन-चार ग्रॅमच.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भाकरी एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषध तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मटण किती खायचं, तेही त्यांनाच विचारा.

शेवया आणि खिमा ताटातच एकत्र करा. पातेल्यात कालवून ठेवलं तर दुधी पुन्हा पाणी सोडतो. उशिरा जेवणाऱ्यासाठी खिमा झाकून ठेवा आणि पिळलेला दुधी कच्चाच राहू द्या. तो हात धुऊन बसेपर्यंत शेवया होतात.