हेअर ट्रान्सप्लांटनंतर डोक्यात पुटकुळ्या आल्या तर

केसरोपणानंतर दोन-तीन आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनीही, टाळूवर बारीक पुटकुळ्या येतात. घाबरू नका. बहुतेकदा नवा केस वर येताना त्वचेखाली अडकलेला असतो. भोवती लाली धरते, टोकाला पिवळसर पू दिसतो. चार-दोनच असतील तर स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं ठेवावं. नखाने फोडू मात्र नये. मुळाला इजा झाली तर तिथला केस कायमचा जाऊ शकतो.

पोशीर गावाच्या पावसाळी, दमट हवेत जवळच्या नेरळपर्यंत हेल्मेट घालून गेलं तरी डोकं घामाने भिजतं. हेल्मेटचं अस्तर धुऊन वाळवत जा. जखमा भरेपर्यंत नदीत डुंबणं नको, तेल-हळद नको. मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम तर मुळीच नको: वरची लाली दबते, आत संसर्ग वाढतो.

पुटकुळ्या पसरल्या, ठणकू लागल्या किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मुळात केसरोपण कोणी करावं, हेही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे: रीतसर शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच. कार्यशाळा करून किंवा यूट्यूब पाहून शिकलेल्याने नव्हे.