बटाट्यांची पोस्टकार्डं

यानुश कोर्चाकपर्यंत मी रवींद्रनाथांचं बोट धरून पोहोचलो. वॉर्साच्या घेट्टोत, एका ज्यू अनाथाश्रमात, 18 जुलै 1942 रोजी मुलांनी ‘डाकघर’ नाटक केलं आणि तीन आठवड्यांच्या आत ती मुलं, त्यांचे डॉक्टर कोर्चाक आणि शिक्षिका त्रेब्लिंका मृत्युछावणीच्या गाडीत चढवली गेली. ही हकिकत दिवाळी अंकाच्या वाचकाला नव्याने सांगायची गरज नाही. मीही तिच्याच ओढीने कोर्चाक वाचायला घेतला. पोलिश येत नाही, त्यामुळे इंग्रजी भाषांतरांवर भागवलं. पण ‘मुलावर प्रेम कसं करावं’ या त्यांच्या पुस्तकात आश्रमाच्या रोजच्या कारभाराची जी पानं आहेत, तिथे एका नोंदीवर माझं घोडं अडलं. 2500 पौंड बटाटे सोलून झाले, की त्या मुलाला फुलांचं चित्र असलेलं एक पोस्टकार्ड मिळे.

अडीच हजार पौंड, म्हणजे टनाच्या आसपास बटाटे. त्यांच्या बदल्यात एक रंगीत कार्ड.

पहिल्यांदा हसू आलं. मग पुढची यादी वाचली. हिवाळ्यात पहिल्या घंटेला अंथरूण सोडणाऱ्याला बर्फाच्या देखाव्याचं कार्ड. नव्या आणि लहान मुलांना सांभाळून घेणाऱ्याला वेगळं. मारामाऱ्या करणाऱ्या, नियम धाब्यावर बसवणाऱ्या पोरालाही कार्ड मिळायचं, त्यावर वाघ असायचा! वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास आश्रम सोडून जाणाऱ्याला शेवटचं कार्ड मिळे. त्यावर निळी इवली फुलं आणि मागे सगळ्या मुलांच्या, शिक्षकांच्या सह्या. कोर्चाक बजावून सांगतात की हे बक्षीस नव्हे, ही आठवण आहे. काही मुलं ती वाटेत कुठेतरी हरवतील, काही जपून ठेवतील. वाघाचं कार्ड या हिशेबात चपखल बसतं. आपण कधीकाळी वाघ होतो, हेही माणसाने लक्षात ठेवावं की.

ही मुलं स्वयंसेवक होती का? एका अर्थाने होती. आश्रमात शंभरावर मुलं आणि मोठी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. झाडणं, पुसणं, वाढणं, आजाऱ्यापाशी बसणं अशा कामांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या मुलांमध्ये वाटलेल्या असत. पूर्वी जिन्याखाली दडवलेले झाडू आणि फडकी कोर्चाकनी तिथून काढून निजायच्या दालनाच्या मुख्य दाराशी, मानाच्या जागी मांडली. नीट पुसलेलं टेबल आणि सुवाच्य अक्षरात उतरवलेलं पान यांना ते एकाच पंक्तीला बसवत. मुलांनीच चालवलेलं न्यायालय तर प्रसिद्धच आहे. तिथे स्वतः डॉक्टर सहा महिन्यांत पाच वेळा आरोपी म्हणून उभे राहिले होते. त्या न्यायालयावर फार लिहिलं गेलंय. कार्डांवर कोणी लिहीत नाही, म्हणून मी कार्डांना चिकटून राहतो.

पण बटाट्यांचे पैसे कोण देत होतं?

इथे दुसरी मंडळी येतात, आणि त्यांच्याबद्दल माझा आधीपासून पूर्वग्रह होता हे कबूल केलेलं बरं. देणगीदार. आपल्याकडे देवळाच्या पायरीपासून छतापर्यंत त्यांची नावं असतात. पंख्याच्या पात्यांवरसुद्धा कुणीतरी ‘कै.’ उन्हाळाभर गरगरत असतात. हे सारं मला हलकं वाटायचं. ज्यू परंपरेत तर या हलकेपणाला धर्मशास्त्राचाच विरोध असणार, अशी माझी खात्री होती. बाराव्या शतकात ज्यू धर्मपंडित माइमोनिडीसने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. कुरकुरत दिलेलं दान सगळ्यांत खाली. देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, असं दान वरून दुसरं. सर्वांत वर काय, तर माणसाला पुन्हा हात पसरावाच लागू नये अशी सोय: कर्ज, भागीदारी, काम. जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरात एक गुप्त दालन असल्याचं मिश्ना या ग्रंथात येतं. धर्मशील माणसं तिथे गुपचूप ठेवून जात आणि चांगल्या घरातले गरीब गुपचूप घेऊन जात. म्हणजे नावाची पाटी गैरच, असं मी धरून चाललो होतो.

मग एक भांडण हाती लागलं. तेराव्या शतकातल्या बार्सिलोनाचे रब्बी श्लोमो बेन आद्रेत यांच्याकडे एक प्रकरण आलं. एका माणसाने प्रार्थनामंदिर बांधून दिलं आणि दारावर आपलं नाव घालायचं म्हणू लागला. समाजातल्या काहींनी हरकत घेतली. (हे वाक्य वाचताना मला बैठकीतल्या चहाचे पेले सुद्धा दिसू लागले.) रब्बींनी निकाल दिला तो देणाऱ्याच्या बाजूने. त्यांचा युक्तिवाद खुबीचा आहे. योसेफला भावांच्या तावडीतून वाचवू पाहणाऱ्या रऊबेनचं नाव खुद्द तोराने लिहून ठेवलं आहे. चांगलं करणाऱ्याचं नाव शास्त्रच जर लिहितं, तर आपण कोण अडवणारे? पुढे सोळाव्या शतकात क्राकूवच्या मोशे इस्सेर्लेस यांनी हा निकाल पोलंडच्या ज्यूंसाठी पक्का केला. दानाची फुशारकी मारू नये, पण दिलेल्या वस्तूवर आठवण म्हणून नाव लिहायला हरकत नाही, उलट ते योग्यच. शब्द पुन्हा तोच, आठवण. चार शतकांनी कोर्चाक बटाटे सोलणाऱ्या मुलाबाबत तोच शब्द वापरतात. त्यांनी इस्सेर्लेस वाचला असेल असं मला मुळीच वाटत नाही; ते पोलिश वळणाच्या घरात वाढले होते. पण हवेतच असतात काही गोष्टी.

वॉर्साच्या हवेत तर होत्याच. कोर्चाक, म्हणजे हेन्रिक गोल्डश्मित, वैद्यकी शिकून 1905 मध्ये ज्या बालरुग्णालयात रुजू झाले, त्याचं नावच मुळी बेर्सोन आणि बाउमान रुग्णालय. माजेर आणि खाया बेर्सोन हे जोडपं, त्यांची मुलगी पाउलिना आणि जावई सालोमोन बाउमान या दोन पिढ्यांनी दिलेल्या पैशांतून ते उभं राहिलं आणि 1878 मध्ये उघडलं. पहिल्या महायुद्धानंतर पैसा आटला, 1923 मध्ये दारं बंद झाली. आना ब्राउदे-हेलेरोवा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी पुन्हा वर्गण्या गोळा करून 1930 मध्ये ते उघडलं. सात वर्षांनी पुन्हा उघडलं तेव्हाही नाव मात्र तेच होतं, हे लक्षात घ्या. नाव टिकवणं सोपं, चूल पेटती ठेवणं अवघड.

अनाथाश्रमाची गोष्टही अशीच एका जोडप्यापासून सुरू होते. इझाक एलियासबेर्ग हे त्वचारोगतज्ज्ञ, स्तेला त्यांची पत्नी. ‘अनाथांना साहाय्य’ ही त्यांची संस्था. फ्रांचिश्कान्स्का रस्त्यावर एक कोंदट जागा, तिथे मुलं. अशा संस्थांची जी नेहमीची हत्यारं असतात, म्हणजे वार्षिक वर्गणी, मुलांचा कार्यक्रम ठेवून पाहुणे बोलावणं, ती वापरत त्यांनी माणसं जमवली. कोर्चाक त्यातच सापडले. पैसे जमले, हेन्रिक श्तिफेलमान या वास्तुविशारदाने आराखडा केला आणि ऑक्टोबर 1912 मध्ये क्रोखमाल्ना रस्त्यावर 92 क्रमांकाचं ऐसपैस घर उघडलं. कोर्चाकनी रुग्णालय सोडलं, आश्रमाचा पगार घेतला नाही, माळ्यावरच्या खोलीत बिऱ्हाड केलं.

आणि एक स्वयंसेविका तिथे आधीपासून होतीच. स्तेफानिया विल्चिन्स्का. पोलिशमध्ये बाईंना ‘पानी’ म्हणतात. मुलांची ती पानी स्तेफा, म्हणून मी स्तेफाबाई म्हणतो. खात्यापित्या घरची मुलगी, बेल्जियममधल्या लिएजला निसर्गविज्ञान शिकून आलेली. 1909 च्या सुमारास ती फ्रांचिश्कान्स्काच्या जागेत मदतीला येऊ लागली. कुणी बोलावलं नव्हतं, वेतन नव्हतं. दुपारची मदत म्हणून जे सुरू झालं ते तीस वर्षं चाललं. 1914 मध्ये डॉक्टर रशियन सैन्यात ओढले गेले, तेव्हा चार वर्षं आश्रम स्तेफाबाईंनी एकटीने रेटला. ‘मुलावर प्रेम कसं करावं’ डॉक्टरांनी लिहिलं ते याच काळात, आघाडीवर. मुलं इकडे बाईंकडे होती. मी हे कुरापत म्हणून सांगत नाही, पण चरित्रकार इथून ज्या वेगाने पुढे जातात तो मला खटकतो.

पुढच्या वर्षांत कॉलेजचे तरुणही आले. आश्रमात राहायला-जेवायला मिळे, बदल्यात रोज काही तास मुलांसोबत काम आणि वहीत निरीक्षणं लिहायची. ती वही डॉक्टर तपासत. त्यातले काही जण पुढे नामांकित शिक्षक झाले. हा भाग मी भरभर ओलांडतो, कारण मला रुझिच्कापाशी जायचंय.

गोत्स्वावेक हे तेव्हा वॉर्साबाहेरचं खेडं. तिथली जमीन 1921 मध्ये आश्रमाला देणगी म्हणून मिळाली, उन्हाळी मुक्कामासाठी आणि शेतीसाठी. देणारं जोडपं कोन आडनावाचं. त्यांची मुलगी रूझा वारली होती. म्हणून त्या जागेचं नाव रुझिच्का, म्हणजे छोटं गुलाबाचं फूल. क्रोखमाल्नाच्या गल्लीतली पोरं उन्हाळ्यात तिथे जात आणि ‘आम्ही रुझिच्काला चाललो’ म्हणत. एका मेलेल्या मुलीचं लाडकं नाव शंभर जिवंत मुलांच्या तोंडी, दर उन्हाळ्यात. हे वाचल्यावर पंख्यावरच्या ‘कै.’कडे बघण्याची माझी नजर थोडी बदलली. थोडीच, पंखा पंखाच आहे. पण पाटीवर आई-बापांनी स्वतःचं आडनाव घातलं नाही, आणि जागा अशी निवडली की नाव वाचलं जाण्याऐवजी हाकारलं जाईल, यात मला फार मोठी जाण दिसते.

बटाट्यांकडे परत येतो, कारण इतिहासच येतो.

नोव्हेंबर 1940. जर्मनांनी आश्रमाला क्रोखमाल्नाचं घर सोडून घेट्टोच्या आत, ख्वोद्ना रस्त्यावर जायचा हुकूम दिला. मुलांची वरात निघाली, मागून सामानाच्या गाड्या. फाटकावर पहारेकऱ्याने एक गाडी अडवून ठेवली: बटाट्यांची. दुसऱ्या दिवशी कोर्चाक आपला जुना पोलिश सैनिकी गणवेश चढवून, दंडावर ज्यूंची सक्तीची पट्टी न बांधता, थेट जर्मन अधिकाऱ्यांकडे गेले आणि बटाटे परत मागू लागले. मार खाल्ला आणि पाव्याकच्या तुरुंगात जवळपास महिनाभर राहिले. जामिनाची रक्कम जुन्या विद्यार्थ्यांनी आणि स्नेह्यांनी जमवली. क्रोखमाल्नाच्या स्वयंपाकघरात बसून बटाटे सोललेल्यांपैकी कुणी त्यांत असणारच, असं मी मनाशी धरून चालतो; पुरावा मागू नका.

क्रोखमाल्नाच्या फाटकावरचा माणूस होता पिओत्र झालेव्स्की, ख्रिस्ती पोलिश चौकीदार. मुलांसोबत आपल्यालाही घेट्टोत जाऊ द्या, अशी परवानगी त्याने जर्मनांकडे मागितली आणि बेदम मार खाऊन परतला. तो त्या रिकाम्या घरापाशीच राहिला आणि 1944 च्या वॉर्सा उठावात मारला गेला. कोर्चाकवरच्या जाडजूड ग्रंथांत त्याच्या वाट्याला येतो एखाददुसरा परिच्छेद.

घेट्टोत देणगी हा शब्दच फाटून गेला. थकलेले, सुजलेल्या पायांचे डॉक्टर थैली घेऊन जिने चढत. 1942 च्या डायरीत एका दिवसाचा हिशेब आहे. सात ठिकाणी गेलो, बोलणी, जिने, प्रश्न. मिळाले पन्नास झ्लोटी आणि महिना पाच झ्लोटींचं आश्वासन. पोसायचे दोनशे जीव. ज्या घरात कधीकाळी उभं करून घेतलं नसतं तिथेही ते गेले. बेटी जीन लिफ्टन या चरित्रलेखिकेने लिहिलंय की गेस्टापोशी संधान असलेल्या गान्त्स्वाइखसारख्या माणसाकडेही त्यांनी मुलांसाठी हात पसरला, आणि जवळच्या लोकांना ते रुचलं नाही. मला विचाराल तर रुचवून घ्यायला हवं होतं. माइमोनिडीसच्या आठही पायऱ्या देणाऱ्याच्या बाजूने मोजलेल्या आहेत. जिना चढणाऱ्या म्हाताऱ्याच्या बाजूने मोजल्या तर त्यांचा क्रम वेगळा लागेल.

स्तेफाबाईंना या सगळ्यातून सुटता आलं असतं. 1930 च्या दशकात त्या पॅलेस्टाइनमधल्या एन हारोद या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतवसाहतीत, जाऊन राहिल्या होत्या आणि युद्धाच्या तोंडावर, 1939 मध्ये, परत वॉर्साला आल्या. 1940 मध्ये किबुत्झच्या मंडळींनी त्यांच्यासाठी प्रवेशपत्राची खटपट केली. रेड क्रॉसमार्फत बाईंचं उत्तर आलं, चार ओळींचं: ठीक आहोत, डॉक्टर खूप काम करतात, मी थोडंसं, मुलांना सोडून यायचं नाही, म्हणून आले नाही. ‘थोडंसं’ हा शब्द त्यांचाच.

आश्रमाचा शेवटचा पत्ता शेन्ना रस्त्यावरचा, मागचं तोंड श्लिस्काकडे. त्याच दोन रस्त्यांच्या मधे, थोड्या अंतरावर, बेर्सोन आणि बाउमान यांचं रुग्णालय होतं. तरुण डॉक्टर गोल्डश्मित जिथून निघाले होते, त्याच्या हाकेच्या अंतरावर ते कित्येक वर्षांनी परत आले होते. ऑगस्ट 1942 च्या पहिल्या आठवड्यात तिथून मुलं रांगेने निघाली. स्तेफाबाई आणि इतर कर्मचारीही त्यांच्याबरोबर होते.

क्रोखमाल्नाचं घर आज उभं आहे. रस्त्याचं नाव बदलून याक्तोरोव्स्का झालंय, वरचा मजला युद्धात गेला, पण आत अजूनही मुलं राहतात, आणि तिथेच कोर्चाकच्या कागदपत्रांचं संशोधन केंद्र आहे.

त्रेब्लिंकाला 17000 ओबडधोबड दगड रोवलेले आहेत. काहींवर नष्ट झालेल्या गावांची नावं कोरली आहेत. माणसाचं नाव फक्त एका दगडावर आहे. यानुश कोर्चाक, कंसात हेन्रिक गोल्डश्मित, आणि खाली: ‘आणि मुलं’. स्तेफाबाईंचं नाव नाही.