नव्या टायरची पकड

बोरीवलीत मोटारसायकलला नवे टायर बसवले, की पुष्कळ जण तडक द्रुतगती महामार्गाला लागतात. टायर कोरे करकरीत, मग भीती कसली? पण विद्यार्थीमित्रहो, पहिल्याच वळणावर घसरण्याचा धोका अशा टायरांना अधिक!

थोडा हिशेब करा. गाडी व स्वार यांचे वजन २०० किलोग्रॅम-भार धरू. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २ किलोग्रॅम-भार. म्हणजे दोन्ही चाके मिळून रस्त्याला टेकतात ती जागा स्थूलमानाने १०० चौरस सेंटीमीटर. साधे पोस्टकार्डही याहून मोठे असते! एवढ्याशा रबरावर स्वाराचा जीव.

रस्त्यातील खडीच्या बारीक उंचवट्यांवर दबून रबर पकड घेते. साच्यातून निघालेला टायर मात्र गुळगुळीत असतो. रबर साच्याला चिकटू नये म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंशही त्यावर असू शकतो. रस्त्यावर घासून तो खरखरीत व्हावा लागतो. तोवर, म्हणजे सुमारे १५० किलोमीटर, वेग बेताचा ठेवावा, ब्रेक हलकेच दाबावा आणि वळताना गाडी थोडीथोडीच कलती करावी. पावसात तर फारच जपून.

दादाच्या गाडीचे नवे टायर आठवड्याने निरखून पाहा. मधला पट्टा मळकट झालेला, कडा अजून चकचकीत. आणि वळताना रस्त्याला टेकतात त्या कडाच!