लष्करी पोलीस : अधिकार आणि मर्यादा

गणेशोत्सवासाठी पेण अथवा रोहा तालुक्यातील आपल्या गावी आलेला जवान रजा संपूनही परतला नाही, तर त्याला न्यावयास लष्करी पोलीस येतील, अशी गावकऱ्यांची समजूत असते. कायद्याची रचना निराळी आहे.

लाल टोपी व पांढरा पट्टा ही ओळख असलेले हे दल सैन्यातील शिस्त, लष्करी वाहतुकीचे नियंत्रण व युद्धकैद्यांची व्यवस्था पाहते. २०२१ साली बंगळूर येथे प्रशिक्षित झालेली महिलांची पहिली तुकडीही त्यात दाखल झाली. फ्रान्स व इटलीत लष्करी दर्जाची दले खेड्यापाड्यांतील नागरी बंदोबस्तही सांभाळतात. आपल्याकडे लष्करी पोलिसांचा अधिकार सैन्य अधिनियम, १९५० लागू असलेल्या व्यक्तींपुरताच आहे. त्यांना अटक करता येते, स्वतःच्या अधिकारात शिक्षा देता येत नाही.

फरारी सैनिकाची लेखी माहिती कमांडिंग अधिकारी नागरी अधिकाऱ्यांना देतो. कलम १०५ अन्वये त्याला पकडून लष्कराच्या ताब्यात देण्याचे काम मग त्यांचेच. विनावॉरंट पकडल्यास पोलिसांनी त्याला विनाविलंब जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे.

घरची मंडळी पुष्कळदा भीतीपोटी गप्प राहतात, आणि तेच अंगाशी येते. पुरेशा कारणाविना रजेपेक्षा अधिक राहणे हा गुन्हा आहे; अनधिकृत गैरहजेरी ३० दिवसांची झाली की चौकशी न्यायालय बसते. तेव्हा आजारपण वा घरचे संकट खरे असेल, तर सरपंचांनी वा शिक्षकांनी पलटणीला त्वरित पत्र लिहविण्यास त्या कुटुंबाला साहाय्य करावे व वैद्यकीय दाखला सोबत जोडावा.