सहा आठवड्यांचा रोजमेळ
जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका घराने काय शिकले

व्यापाऱ्याच्या घरात साधारणपणे दोन वह्या असतात. एक पेढीवर, जिच्यात दिवसाचा रोजमेळ संध्याकाळी बसवला जातो. दुसरी घरात, दूध-किराण्याच्या हिशेबाची. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या घरात तिसरी वही आली. तिच्यात जमेच्या बाजूला लिहिले जाई : मुगाचे पाणी १०० मिलिलिटर, दूध १५० मिलिलिटर, नाचणीची राब १०० मिलिलिटर. आणि नावेच्या बाजूला : वजन अर्धा किलो कमी, झोप चार तास, उलटी एक. माझ्या चोवीस वर्षांच्या मुलाच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासूनच्या सहा आठवड्यांचा तो हिशेब आहे. समाजातील आणखी दोन घरांनी ती वही मागून नेली, म्हणून वाटले की तिच्यातील गोष्ट येथे मांडावी.

मुलाचा खालचा जबडा वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून पुढे वाढत गेला. पुढचे दात एकमेकांवर बसेनासे झाले. पोळीचा घास तो बाजूच्या दातांनी तोडी, खाकरा हाताने मोडूनच तोंडात टाकी. 'स' आणि 'श' उच्चारताना जीभ अडखळे. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना हात आपोआप तोंडापुढे जाई. दंतवैद्यांनी सांगितले होते की केवळ तारा लावून हे सुधारणार नाही. दोष दातांचा नसून हाडांचा आहे, वाढ थांबली की शस्त्रक्रिया करावी लागेल. मी ती गोष्ट तीन वर्षे पुढे ढकलली. कारण सांगताना म्हणालो, "शरीराची ठेवण नामकर्माने ठरते. दिसण्यासाठी हाडे कापून घ्यायची का?" तेव्हा तो इतकेच म्हणाला, "पप्पा, नजरही कर्मानेच अधू होते ना? मग आपण दोघे चष्मा का लावतो?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याच आठवड्यात आम्ही पुण्यास जाऊन शल्यविशारदांना भेटलो.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय

या शस्त्रक्रियेस ऑर्थोग्नॅथिक शस्त्रक्रिया म्हणतात. ती केवळ रूपासाठी असते, हा आपल्याकडील मोठा गैरसमज आहे. चावणे, बोलणे, ओठ सहज मिटणे आणि काही रुग्णांत झोपेतील श्वासोच्छ्वास हे सारे जबड्याच्या ठेवणीशी जोडलेले असते. हे शास्त्र कालपरवाचेही नाही. अमेरिकेतील सायमन हलिहेन यांनी १८४९ साली भाजल्याच्या व्रणाने विकृत झालेला एका तरुणीचा खालचा जबडा शस्त्रक्रियेने सुधारला होता. फ्रान्सच्या रेने ल फोर यांनी १९०१ साली वरच्या जबड्याची हाडे कोणत्या रेषांवर मोडतात, हे दाखवले. आज वरचा जबडा सरकवताना जो छेद घेतात, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा चिरून पुढे-मागे सरकवण्याची पद्धत ह्यूगो ओब्वेगेझर या ऑस्ट्रियन शल्यविशारदांनी १९५० च्या दशकात रूढ केली.

आमच्या मुलाचे दोन्ही जबडे सरकवायचे होते. त्याआधी सुमारे दीड वर्ष तारा लावून दात योग्य जागी आणले गेले. शस्त्रक्रियेचे छेद बहुतांशी तोंडाच्या आतून घेतात, म्हणून चेहऱ्यावर सहसा मोठा व्रण राहत नाही. हाडे नव्या जागी बसवून टायटॅनियमच्या लहान पट्ट्या व स्क्रूंनी जोडतात. त्रास झाला नाही, तर त्या पट्ट्या सहसा कायम आतच ठेवतात. आम्ही दिवाळी आटोपल्यावरचा काळ निवडला : पर्युषण मागे पडलेले, दुकानातील गर्दी ओसरलेली आणि हवा थंड.

पहिले तीन दिवस

शस्त्रक्रियेनंतर त्याला पाहिले आणि त्याची आई माझा हात धरून खाली बसली. गाल आणि हनुवटी यांतील भेद नाहीसा झाला होता, ओठ सुजून बाहेर आले होते, दातांवर वरखाली रबरी बँड ताणलेले होते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, हे आम्हांला आधी सांगितले होते. तरीही ऐकणे वेगळे आणि पाहणे वेगळे. नाकातून थोडे जुने रक्त येत राही, घसा दुखे, बोलता येत नसे. डोके उंच ठेवून झोपणे, पहिले एक-दोन दिवस बर्फाचा शेक, ठरल्या वेळी औषध आणि दुसऱ्या दिवसापासून खोलीत चार पावले चालणे, एवढाच कार्यक्रम होता. वरच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली असल्याने नाक शिंकरण्यास मनाई होती. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यायची.

मी जाण्याआधी बाजारातून एक पाटी-पेन्सिल आणली होती. घरात सर्वांजवळ मोबाइल आहेत. तरी तीच जास्त उपयोगी पडली.

जैन स्वयंपाकघरातील पथ्य

खरी परीक्षा पुढे होती. पहिले दोन आठवडे केवळ पातळ, गाळलेला आहार. त्यानंतर हाडे सांधेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, न चावता गिळता येईल असे मऊ अन्न. आहारतज्ज्ञांनी त्याच्यासाठी रोज सुमारे २,००० कॅलरी आणि ८० ग्रॅम प्रथिनांचे माप ठरवून दिले. त्यांच्या छापील यादीत गाजर-बटाट्याचे सूप, कांद्याचा रस्सा, अंडे आणि मध होते. आपल्या घरात यांतील काहीच चालत नाही. तेव्हा माझ्या पत्नीने यादी बाजूला ठेवून विचारले, "माप सांगा; पदार्थ मी शोधते."

तिने शोधलेले पदार्थ असे : मुगाच्या व मसुरीच्या डाळीचे घट्ट पाणी, दुधी, लाल भोपळा व टोमॅटो यांचे गाळलेले सूप, दाटपणासाठी बटाट्याऐवजी उकडलेली कच्ची केळी, भाताची पेज, गूळ-तूप घातलेली नाचणीच्या पिठाची राब, भिजवून सोललेल्या बदामांचे दूध, पनीर दुधासह मिक्सरमधून एकजीव करून. सारे सुती कापडातून गाळलेले, कोमट, तिखटाविना. प्रत्येक वाटीत एक लहान चमचा तूप, कारण तेवढ्याने सुमारे ४५ कॅलरी वाढतात आणि पोटात जागा लागत नाही. द्विदल टाळण्यासाठी ताकाची वेळ डाळीपासून वेगळी ठेवली. अष्टमी-चतुर्दशीला हिरव्या भाज्या नसत, त्या दिवशी डाळी आणि दूध यांचे माप वाढे.

दोन गोष्टी मात्र सर्वांनी आधी विचाराव्यात. पुष्कळ औषधांच्या कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते. ते प्राणिजन्य असते. आम्ही आधी सांगितल्यामुळे डॉक्टरांनी पातळ औषधे लिहून दिली, आणि तोंड उघडत नसताना तीच सोयीचीही पडली. तसेच काही प्रोटीन पावडरींत अंड्याचा अंश असतो. डब्यावरील घटक वाचूनच त्या घ्याव्यात. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरालाही आदल्या दिवशीच कळवावे. भूल उतरल्यावर घासाघीस करण्याची ती वेळ नव्हे.

राहिला सूर्यास्ताचा प्रश्न. थंडीतला दिवस लहान. दर दोन तासांनी १०० मिलिलिटर दिले, तरी पहिल्या आठवड्यात सूर्यास्तापूर्वी माप पुरे होईना. वजन रोज उतरत होते. मी आणि पत्नी दोघेही गप्प होतो. घरात रात्री चूल पेटत नाही. तेव्हा माझी ऐंशी वर्षांची आई म्हणाली, "पच्चक्खाणातसुद्धा आजाऱ्याच्या समाधीसाठी आगार ठेवले आहेत. ज्यांनी ठेवले, ते आपल्यापेक्षा शहाणे होते. पोराला दूध द्या." पहिले दहा दिवस रात्री नऊला दूध दिले गेले. त्यानंतर तोंडाची ताकद वाढली, एका वेळी २०० मिलिलिटर जाऊ लागले आणि सर्व माप पुन्हा दिवसात बसले. प्रत्येक घराने आपला निर्णय आपल्या श्रद्धेने आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. परंतु तो शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावा, उपाशी मुलासमोर नव्हे.

आपल्या घरातील एक शिस्त मात्र फार कामी आली. पाणी उकळून गाळून घेण्याची रीत होतीच. प्रत्येक आहारानंतर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरणे आणि लहान मुलाच्या मऊ ब्रशने दात हळुवार घासणे, हे तिच्यातच मिसळून गेले. टाके तोंडात असतात. तेथे अन्न साचले, तर जंतुसंसर्गाला निमंत्रण मिळते.

अकरावा दिवस

या दिवसाची नोंद वहीत नाही. सूज निम्म्याने उतरली होती, वेदना कमी होती, सर्वजण म्हणत होते की आता सुधारणा आहे. त्या दुपारी त्याने आरसा उपडा ठेवला आणि पाटीवर लिहिले, "मी आधीच बरा होतो."

माझ्या ओठांवर आले होते, 'म्हणूनच मी नको म्हणत होतो.' ते वाक्य मी गिळले, ही त्या सहा आठवड्यांतील माझी एकमेव कमाई समजतो. बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अनेक रुग्णांना असे वाटते. शरीर थकलेले, पोट अर्धे रिकामे, झोप तुटक. सुजेसाठी दिलेल्या औषधांचा प्रभाव ओसरत असतो. बोलता येत नाही. आणि आरशातील चेहरा ना जुना असतो, ना नवा. ही पश्चात्तापाची नव्हे, थकव्याची भाषा असते. मात्र ही उदासी आठवडे उलटूनही हटली नाही, किंवा जगणे नकोसे वाटत असल्याची सूचना मिळाली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास एक दिवसही लावू नये, असेही त्यांनी बजावले.

आम्ही तीन बदल केले. आरसा रोज पाहायचा नाही. दर रविवारी एकच छायाचित्र काढायचे. सकाळच्या उन्हात गच्चीवर वीस मिनिटे फेऱ्या, माझ्यासोबत. आणि तिसरे, दुकानाच्या मालाची यादी संगणकावर उतरवण्याचे काम, जे दोन वर्षे पडून होते. हाताला काम मिळाले आणि चेहऱ्याचा विचार थोडा मागे पडला. तिसऱ्या रविवारी सर्व छायाचित्रे शेजारी ठेवून तो बराच वेळ पाहत बसला. मग पाटीवरचे ते वाक्य त्याने स्वतःच पुसले.

शाता विचारणाऱ्यांना विनंती

आपल्या समाजात आजाऱ्याची शाता विचारायला जाण्याची सुंदर रीत आहे. परंतु या आजारात जाणाऱ्याने दोन वाक्ये घरी ठेवून जावे : "अरे, ओळखूच येत नाहीस!" आणि "आता स्थळे चांगली येतील." पहिल्याने मूल घाबरते, दुसऱ्याने त्याला वाटते की आजवर आपण कमीच होतो. बायोडाटासाठी नवे छायाचित्र मागणाऱ्यांना आम्ही सहा महिने थांबायला सांगितले. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, पण उरलेली पूर्ण जाण्यास कित्येक महिने लागतात. पाच मिनिटे बसून, उत्तराची अपेक्षा न ठेवता बोलून जाणारे पाहुणे त्याला सर्वांत जास्त आवडले.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

शस्त्रक्रियेपूर्वी : विमा कंपनीकडून खर्च मिळेल का, हे लेखी विचारावे, रूपसुधारणा समजून दावा नाकारला जाऊ शकतो, म्हणून चावण्या-बोलण्यातील दोषाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे.

घरात आणून ठेवावे : बारीक गाळणी, सुती कापडाचे तुकडे, मऊ नळी लावलेली मोठी सिरिंज, दोन जास्तीच्या उशा, ओठांसाठी मलम, पाटी किंवा वही. स्ट्रॉ वापरावी की नाही, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

उलटी झाल्यास : घाबरू नये, पुढे वाकवून मान खाली करावी, आहार पातळ असल्याने दातांमधून व गालाच्या बाजूने ते बाहेर येते. दात तारेने घट्ट बांधलेले असतील, तर ती तार कशी व केव्हा कापायची, हे घरी जाण्यापूर्वी शिकून घ्यावे.

तत्काळ डॉक्टरांना कळवावे : न थांबणारा रक्तस्राव, श्वासाला त्रास, ताप, उतरू लागलेली सूज पुन्हा वाढणे, पू किंवा दुर्गंधी, दातांची बैठक अचानक बदलल्यासारखी वाटणे, पोटरीत दुखून सूज येणे.

बधिरपणाबद्दल स्पष्टच सांगितले पाहिजे. खालच्या जबड्यातून ओठ व हनुवटीच्या संवेदनेची नस जाते. बहुतेकांना काही आठवडे ते काही महिने बधिरता राहते. काहींना थोडी कायमही राहते. आमच्या मुलाला दुसऱ्या महिन्यात ओठात मुंग्या येऊ लागल्या आणि संवेदना परतली. हनुवटीवर रुपयाच्या नाण्याएवढी जागा मात्र अजून मुकी आहे. जेवताना तो रुमाल जवळ ठेवतो. हे सर्व मान्य असल्याशिवाय सहीसाठी पेन उचलू नये.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी वहीत लिहिले आहे : वजन पाच किलो कमी, मऊ खिचडी एक वाटी, स्वतःच्या चमच्याने. तेथे वही संपते. पुढचे चार महिने तारा होत्या, तपासण्या होत्या आणि घास हळूहळू घट्ट होत गेला.

महावीर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात जाण्यासाठी चपला घालत होतो. मागे स्वयंपाकघरात 'कट्' असा आवाज आला. वळून पाहिले, तर त्याने खाकरा अख्खा उचलला होता आणि पुढच्या दातांनी त्याचा तुकडा तोडला होता. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. त्याने दुसरा घास घेतला, आणि त्या दिवशी आम्ही दोघे बरोबरच दुकान उघडायला गेलो.