जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही

छावणीचा गुरुवारचा बाजार जवळ आला की बुधवारी संध्याकाळीच अनेक घरांसमोर गाड्यांची तपासणी सुरू होते. कोणाची पिकअप जनावरे आणायला जायची असते, तर कोणाच्या टेम्पोला पहाटे वाळूजच्या कारखान्यांचा माल उचलायचा असतो. गाडी हेच ज्यांचे दुकान, त्यांची एक फेरी चुकली तर दिवसाची कमाई बुडते. म्हणून चाक बदलणे, ब्रेक पाहणे, कमानीचे नट कसणे ही कामे घरच्या अंगणातच उरकली जातात. यात गैर काही नाही. परंतु गाडी ज्या पद्धतीने उचलली जाते ती पाहून आम्हाला अनेकदा धास्ती वाटते.

जास्त माल पेलावा म्हणून पुष्कळजण कमानीत एखाददुसरा पाटा वाढवून घेतात. काही हौशी मंडळी जुन्या जीपला मोठे टायर बसवतात. गाडी उंच होते, पण तिच्यासोबत आलेला जॅक पूर्वीएवढाच राहतो. मग जॅकखाली विटा, फरशीचे तुकडे, हाताला लागेल ते रचले जाते. धोका नेमका येथूनच सुरू होतो. जॅकचा सगळा भार त्याच्या तळाएवढ्या लहान जागेवर येतो आणि वीट काही इशारा न देता फुटते. शहाबादी फरशीखाली पोकळी असेल तर तीही तशीच तडकते. उंच गाडीचे वजनही उंचावर असते, म्हणून थोडा कल आला तरी ती लवकर कलंडते.

दुसरी गोष्ट जॅकच्या रचनेची. बाटलीसारख्या हायड्रॉलिक जॅकमध्ये लहान पंपाने ढकललेले तेल मोठा दट्ट्या वर उचलते. ही सारी ताकद आतल्या एका सीलवर आणि लहानशा झडपेवर टिकून असते. सील झिजले किंवा झडपेत कचरा अडकला की दट्ट्या खाली येऊ लागतो. कधी हळूहळू, कधी एका क्षणात. रिकाम्या पिकअपचे वजनही दीड टनाच्या पुढे असते. तिच्याखाली माणूस असेल तर बाजूला सरकण्याइतका वेळ मिळत नाही.

तिसरी गोष्ट हँडब्रेकची. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागची दोन्ही चाके उचलली की त्याचा उपयोग संपला. गिअरवरही विसंबून चालत नाही. मागचे एकच चाक उचलले तरी डिफरन्शियलमुळे ते हवेत फिरू शकते आणि गाडी सरकते. जुन्या विलीज जीपचा हँडब्रेक तर चाकांवर नसून शाफ्टवर असे, त्यामुळे तिच्या बाबतीत हा धोका अधिकच.

मग करावे काय? आधी गाडीतील माल आणि माणसे उतरवावीत. गाडी सपाट, कठीण जागी उभी करावी. काळ्या मातीवर किंवा उतारावर नको. इंजिन बंद करून गिअर टाकावा, हँडब्रेक ओढावा आणि किल्ली खिशात ठेवावी. जी चाके जमिनीवर राहणार त्यांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत. चाक काढायचे असेल तर गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. वर उचललेल्या गाडीवर पान्याला झटके देऊ नयेत.

जॅक शक्यतो एक्सलखाली, कमानीजवळ लावावा. चासीखाली लावला तर कमान आधी पूर्ण ताणली जाते आणि मगच चाक सुटते. तोवर गाडी नको तेवढी उंच गेलेली असते. काही गाड्यांना पुढे सरळ एक्सल नसतो. तेथे गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेलीच जागा घ्यावी. उंची कमी पडत असेल तर जास्त उंचीचा जॅक आणावा. अगदीच गरज पडली तर जॅकच्या तळापेक्षा बराच रुंद असा जाड, अखंड लाकडी ठोकळा खाली घ्यावा. ठोकळ्यांची चळत रचू नये.

चाक जमिनीपासून दोन बोटे सुटले की थांबावे आणि एक्सलखाली लोखंडी स्टँड लावावा. जॅक हळूच सैल करून भार स्टँडवर घ्यावा आणि बाजूने गाडीला हात लावून ती डगमगते का ते पाहावे. जॅक तेथेच, हलका टेकवून ठेवावा. काढलेले चाक चासीखाली आडवे सरकवून ठेवले तर शेवटचा आधार होतो. एवढे झाल्याशिवाय गाडीखाली डोकेच काय, हातही घालू नये. मुलांना जवळ फिरकू देऊ नये. काम संपल्यावर नट समोरासमोरचे कसत जावेत आणि अखेरचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर द्यावा.

येथे कायद्याचीही आठवण द्यावीशी वाटते. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात, परवानगी नसलेला बदल गाडीत करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा पाटे वाढवण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारणा करणे बरे.

आमचे व्यापारी बंधू तराजू, ताडपत्री, दोरखंड यांवर खर्च करताना मागेपुढे पाहत नाहीत, कारण ती धंद्याची साधने आहेत. गाडीच्या वजनाला पुरेल अशी स्टँडची जोडी हेही तसेच साधन समजावे. एकदा घेतली की ती वर्षानुवर्षे चालते. शेजारचे दोन-तीन गाडीवाले मिळूनही घेऊ शकतात. बुडालेली फेरी पुढच्या गुरुवारी भरून निघते. घरचा कमावता माणूस गाडीखाली सापडला तर ते नुकसान कोणत्याच बाजारात भरून निघत नाही.