उत्तरेचे देव (५) : मेणबत्तीएवढं आयुष्य

गेल्या आठवड्यात आपण इग्द्रासिल या विश्ववृक्षापाशी थांबलो होतो. त्याच्या मुळाशी उर्दची विहीर आहे आणि तिथे तिघी जणी राहतात : उर्द, वेर्दांदी आणि स्कुल्ड. या नॉर्न, नॉर्स कथांतल्या नियतीच्या देवता. रोज विहिरीचं पाणी आणि काठची पांढरी माती झाडावर शिंपायची, म्हणजे फांद्या कुजत नाहीत, हेही काम त्यांचंच. मरण ठरवणाऱ्यांकडेच झाडाची निगा!

भूत, वर्तमान, भविष्य अशी त्यांची वाटणी सर्रास सांगतात आणि चित्रांत त्या सूत कातत बसलेल्या असतात. जुन्या काव्यांत मामला इतका सुटसुटीत नाही. ‘व्होलुस्पा’त त्या लाकडावर कोरतात. धागे येतात ते हेल्गी या वीराच्या जन्माच्या रात्री. शिवाय नॉर्न तीनच नव्हेत. काही देवकुळातल्या, काही एल्फांच्या, काही बुटक्यांच्या लेकी. चांगल्या कुळातली नॉर्न वाट्याला आली तर आयुष्य सुखाचं, नाहीतर हाल, असं १३व्या शतकातला आइसलंडचा स्नोरी स्तुर्लुसन सांगतो.

मला सगळ्यात आवडते ती नॉर्नागेस्टची गोष्ट. डेन्मार्कात एका घरी मूल जन्मलं. बापाने भविष्य सांगणाऱ्या तीन बायकांना, म्हणजे नॉर्ननाच, आवतण दिलं. आपल्याकडे सटवाईसाठी पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. इथे साक्षात पाहुणचारच होता. दोघींनी बाळाला भरभरून दिलं. पण गर्दीच्या रेट्यात धाकटी बाकावरून खाली पडली. ती भडकली आणि म्हणाली, पाळण्याजवळची ही मेणबत्ती जळेल तेवढंच हे पोर जगेल. थोरलीने झटकन ज्योत विझवली आणि मेणबत्ती आईच्या हाती दिली : शेवटचा दिवस येईपर्यंत हिला पेटवू नकोस.

नॉर्नचा शब्द देवांनाही फिरवता येत नाही. थोरलीनेही तो फिरवला नाही. धाकटीचा शब्द तिने अक्षरशः पाळला, एवढंच. ते पोर, म्हणजेच गेस्ट, ३०० वर्षं जगला, ती मेणबत्ती वीणेच्या चौकटीत लपवून हिंडला. शेवटी नॉर्वेचा राजा ओलाफ त्रिग्वासोन याच्या दरबारी त्याने बाप्तिस्मा घेतला आणि मग राजाच्या सांगण्यावरून ती पेटवली गेली. कथा ख्रिस्ती काळात लिहिलेली, त्यामुळे जुन्या देवतांचा हिशेब राजाच्या देखत मिटवण्यात लेखकाला रस असणारच.

हिशेब तेवढ्याने मिटला नाही. नॉर्वेतल्या बोर्गुंडच्या लाकडी चर्चच्या भिंतीवर कुणीतरी रून लिपीत कोरून ठेवलंय, की नॉर्ननी बरं केलं तसं वाईटही केलं आणि माझ्या वाट्याला मोठं दुःख घातलं. तक्रार नॉर्नची, आणि भिंत चर्चची!

स्कुल्डचं नाव वाल्किरींमध्येही येतं. रणात कोण पडणार हे ठरवणाऱ्या त्या घोडेस्वार स्त्रियांविषयी पुढच्या आठवड्यात.